साहेबांनी कंसही वाचले

नारायण पेठ, पुणे
ऑगस्ट २०२१

ती. संपतमामांस,

मुक्ताईचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहायची पद्धत आहे, पण माझ्या खोलीत खाट आणि टेबल यांच्यामध्ये तेवढी जागा नाही. म्हणून जो नमस्कार खरोखर केला तोच लिहिते (उभ्याने, पुसदच्या दिशेला तोंड करून, दिशा अंदाजे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी बरी आहे. वास येतो, चव लागते (दोन्ही रोज सकाळी हिंगाच्या डबीवर तपासते, त्यामुळे आता हिंग नकोसा झाला आहे). लस घ्यायची बाकी आहे असे आपल्या घरात कोणी उरलेले नसावे अशी माझी समजूत होती. परवा मामींनी फोनवर तुमच्याबद्दल वेगळेच सांगितले आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. पण ती गोष्ट ऐकीव आहे, म्हणून पत्राच्या पोटात घेत नाही. शेवटी लिहीन.

टीव्हीवर दाखवले ते खरेच तसे झाले का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर सांगितले असते, पण फोनवरचे तुम्ही पुरावा धरत नाही. म्हणून हे पत्र.

मी पाचवीपर्यंत तुमच्या ओसरीवर शिकले हे इथे कोणाला सांगितले की लोकांना गुरुकुल वाटते आणि मला गाणेबिणे येत असेल असे ते समजतात. तुम्ही जमिनी मोजणारे सरकारी माणूस आणि मला शिकवलेत तेही मोजणीच्या रीतीनेच. बांधावर उभे राहून दिसले ते ‘समक्ष’, शेजारच्या शेतकऱ्याने सांगितले ते ‘ऐकीव’, आणि ही दोन एकत्र केली की भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, असे तुम्ही म्हणायचे. माझा गायीवरचा निबंध अजून आठवतो. गाय दूध देते (समक्ष). गाय उपयुक्त प्राणी आहे (पुस्तक म्हणते). गाय गरीब असते (ऐकीव, आपल्या गायीने मला दोनदा पाडले आहे). पुढे शाळेत बाईंनी सगळे कंस खोडले, पण सवय गेली नाही. ती थेट दिल्लीपर्यंत पोचली, आणि तीच हकीकत सांगायची आहे.

तुम्हाला माहीत आहे की मी खासदार रंगराव यांच्या इथल्या कार्यालयात काम करते. साहेब विरोधी पक्षात आहेत. लोक तक्रारी आणतात, मी त्या लिहून घेते, त्यातली एखादी साहेब संसदेत मांडतात. शून्य प्रहर म्हणून एक वेळ असते, तेव्हा खासदाराला आपल्या भागातला प्रश्न दोन-तीन मिनिटांत सांगता येतो. मंत्र्यांनी तिथेच उत्तर द्यायला हवे असे नसते. मग प्रश्न सांगून तो जातो कुठे, याचे मला फार कुतूहल होते. साहेबांचे स्वीय सहायक विश्वजीतदादा यांना मी पहिल्याच आठवड्यात हे विचारले. ते म्हणाले, “छताला लागून खाली येतो. खाली कोणी उभं असलं तर त्याच्या डोक्यावर पडतो.” (दादा सदाशिव पेठेतले आहेत. ते असेच बोलतात.)

तर जुलैमध्ये पुण्याजवळच्या मांजरी गावाहून शेफाली नावाची एक सून आली. तिच्या सासूबाई सोजरबाई खुब्याचे हाड मोडल्यापासून पलंगावर आहेत. लसीच्या केंद्रावर गेले की सांगतात, पेशंटला इथे आणा. शेफालीने सांगितलेले सगळे मी लिहून घेतले आणि अर्थातच झोप उडाली, कारण सगळेच ऐकीव. म्हणून दुसऱ्या दिवशी मांजरीला गेले. त्यांच्या उसाच्या शेतावर आता इमारत आहे आणि तिच्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले आहे. सोजरबाई खिडकीतून हात करून दाखवतात, तिथं आमची मोटर होती, तिथं गोठा होता. दाखवतात तिथे पार्किंग आहे. मी त्यांना विचारले, आजी, तुम्हाला लस घ्यायची भीती नाही ना वाटत? त्या म्हणाल्या, “भ्या कशाचं? दूधवाला वर येतो, पेपरवाला येतो, विम्याचा माणूस तर न बोलावता येतो. लसीलाच काय जिना चढाया येत न्हाय व्हय? म्या काय हिरीत पडलेली न्हाय, पलंगावर हाय.” मास्क लावून खिडकीशी बसलेली मी, मला हसावे की लिहावे ते कळेना. मी लिहिले.

साहेबांसाठी टिपण केले ते असे. इमारतीची लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद आहे (शेजारी म्हणतात, मी फक्त आजची बंद पाहिली). परिसरात अंथरुणाला खिळलेली अशी चाळीसएक माणसे आहेत (विश्वजीतदादांचा अंदाज, आधार नाही). केंद्रावरच्या लोकांनी उद्धट उत्तर दिले (शेफाली म्हणते, मी गेले तेव्हा ते दमलेले वाटले, उद्धट नाही). कंस साहेबांना वाचून दाखवायला नव्हतेच. कुठे आवाज चढवायचा आणि कुठे जपून बोलायचे हे त्यांना कळावे एवढ्यासाठी होते. आणि टिपण दिल्लीला जायच्या आधी विश्वजीतदादा कंस काढून टाकतात, अशी आमची रीत आहे.

त्या आठवड्यात विश्वजीतदादांना ताप आला. ते घरात बंद झाले, फोनही उचलेनात. टिपण मी तसेच साहेबांच्या मोबाइलवर पाठवले. वाटले, साहेब आधी एकदा वाचतीलच. मामा, साहेब आधी वाचत नाहीत. आधी वाचलं की राग शिळा होतो, असे त्यांचे मत आहे (हे मला नंतर कळले). ते सभागृहात उभे राहतात आणि तिथेच पहिल्यांदा वाचतात. त्या दिवशी त्यांनी मराठीत बोलायची परवानगी घेतली होती, म्हणजे शब्द इकडचा तिकडे व्हायची सोयही नव्हती.

मी कार्यालयात टीव्हीसमोर उभी होते. साहेब उठले, मास्क सारखा केला आणि वाचू लागले. “लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद आहे. कंसात, शेजारी म्हणतात, मी फक्त आजची बंद पाहिली. कंस पूर्ण.” समोरच्या बाकांवर कोणी तरी हसले. साहेबांना वाटले आपल्या मुद्द्यावर हसतात, म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि विश्वजीतदादांचा अंदाज, आधार नाही, हे वाक्य टेबलावर हात आपटून म्हटले. आता सगळेच हसत होते, आमच्या बाजूचे जास्त. माझ्या मनात त्या वेळी काय आले असेल? की हे दुसऱ्या भाषांत सांगणारे जे दुभाषे तिथे बसलेले असतात, त्यांनी कंसाचे काय केले असेल? माझी नोकरी जात होती आणि मला हे कुतूहल. शेवटचे वाक्य आले. “सोजरबाई उठू शकत नाहीत. कंसात, मी त्यांच्या खिडकीशी बराच वेळ बसले होते. त्यांनी पाणी प्यायलाही सुनेचा हात धरला. हे समक्ष.” एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस ‘बसले होते’ म्हणाला, तरी या वेळी कोणी हसले नाही. साहेब कंस पूर्ण न म्हणताच खाली बसले.

संध्याकाळपर्यंत ते भाषण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले (तुम्ही टीव्हीवर पाहिलेला तुकडा दोनदा कापलेला आहे). मी राजीनामा लिहिला. ‘माझ्या चुकीमुळे साहेबांची बदनामी झाली’ असे लिहून कंसात ‘किती झाली ते अजून कळलेले नाही’ असे घातले आणि मग स्वतःचाच राग येऊन तो फाडला. त्यानंतर विश्वजीतदादांचा फोन आला. म्हणाले, “या आजारात वास जातो हे ऐकलं होतं. अब्रूही जाते हे कोणी सांगितलं नव्हतं.” मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, “रडू नका. माझं नाव पहिल्यांदाच संसदेत घेतलं गेलं. आई पेढे वाटतेय.”

आणि मग त्याच आठवड्यात आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी भाषणाबद्दल काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाले, “तुमच्या टिपणातली समक्ष पाहिलेली तेवढी वाक्यं पाठवा. बाकीची तुमच्याकडेच राहू द्या.” मी पाठवली. तीनच भरली. नंतरच्या आठवड्यात एक परिचारिका बर्फाची पेटी खांद्याला अडकवून मांजरीला तिसऱ्या मजल्यावर चढली. मी हजर होते. लस टोचून झाल्यावर सोजरबाई दंडाकडे बघत म्हणाल्या, “एवढंच व्हय? आन् ह्यासाठी दिल्लीपातुर गेला तुमी?” हे साहेबांमुळे झाले, की खात्याचे आधीच ठरले होते, हे मला माहीत नाही. मी त्या अधिकाऱ्यांना तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “बाई, लस मिळाली ना?” चौकशी चालू ठेवली आहे.

साहेब दिल्लीहून आले तेव्हा मी गावी परतायची पिशवी भरूनच कार्यालयात गेले होते. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “इतकी वर्षं निवडून येतोय. समोरच्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं ते या वेळी. कंस राहू द्या. फक्त बसले-उठले माझ्या अंगाला बसेल असं लिहा. आणि विश्वजीतचा अंदाज यापुढे कंसातही नको.” मी पिशवी परत आणली.

मामींना नमस्कार. पत्र मोठे झाले, पण तुम्ही विचारले होते म्हणून.

आपली,
मुक्ताई

ता. क. – तुम्ही विचारले होते म्हणून पत्र लिहिले हे पूर्ण खरे नाही. मामी म्हणाल्या (ऐकीव) की तुम्ही अजून लस घेतलेली नाही. कारण चौकातल्या सलूनमध्ये कोणी तरी सांगितले की लस घेतली की दंडाला चमचा चिकटतो. मामा, सलूनमध्ये. मला गायीच्या निबंधाला तुम्ही दहापैकी चार दिले होते.

ता. क. दुसरे – सोजरबाईंच्या परवानगीने त्यांच्या दंडाला स्टीलचा चमचा लावून पाहिला. पडला. त्या म्हणाल्या, “डाव लावून बघ, मोठा असतोय.” डावही पडला. मग माझ्या दंडाला दोन्ही लावले. दोन्ही पडले (समक्ष, शेफाली साक्षीदार).

ता. क. तिसरे – तुमचे नाव मी तुम्हाला न विचारता नोंदवले आहे. गुरुवारी सकाळी, तुमच्याच तालुक्याच्या केंद्रावर. मामी सोबत येतील. परत आल्यावर मला एका ओळीचे पत्र टाका: “लस घेतली.” बाकी खुशाली नसली तरी चालेल. पुढे कंस करा, आणि त्यात काय लिहायचे ते मला तुम्हीच शिकवले आहे.