उलट्या पायांचा सिनेमा

४ नोव्हेंबर, मंगळवार

मी सांगते, नात लिहिते. मले अक्षर येत नाई, तिले मराठी धड येत नाई. दोघींचं मिळून एक शहाणं माणूस होते. नेहा स्वतःचं नाव नुसतं 'ने.' लिहिते. आळस.

आज तिनं मोबाइलवर भुताचा सिनेमा दाखवला. म्हणे, पोरं जंगलात गायब झाली, मागं क्यामेरा सापडला, त्यात हे निघालं. सारंच हलते. भूत दिसत नाई, जमीन दिसते, जोडे दिसतात. खैरलांजीच्या बशीत मागच्या सीटवर बसल्यावानी मळमळलं. विचारलं, "क्यामेरा धरणाऱ्याले हिवताप झाला का?"

"आजी, यही तो मज़ा है. पैसेच नाई लागत."

मधात एकदा काहीच नव्हतं. बंद दार, अन् कोणाचा तरी श्वास. मी पाय खाटेवर घेतले. ने. हसली. थंडी होती म्हणून घेतले. हे बी लिही.

९ नोव्हेंबर, रविवार

आता तिलेही तसाच काढायचा हाय. ती, कॉलेजच्या दोन मैत्रिणी, अन् भूत मी. घरचं, फुकट.

सकाळी हट्टा गावच्या बावडीच्या, म्हणजे जुन्या विहिरीच्या, पायरीवर मोबाइल टाकून त्याचं चित्र घेऊन आल्या, तिथं 'सापडला' म्हणून. बाकी सारं आमच्या मागच्या खोलीत, भरदुपारी, खिडकीले गोधडी टांगून. रक्त म्हणजे बीट अन् गुळाचं पाणी. थे मी तोंडातून गाळायचं. शी. मानेवर मुंग्या, लुगड्यावर माश्या, अन् पोरी म्हणतात, "दादी, एक बार और."

पाय उलटे कसे दाखवायचे, तिथं पोरी अडल्या. मीच म्हटलं, मले पाठमोरी उभी करा, निऱ्या मागं खोचा, केस सोडा. मग पाठीवरचे केस तोंडावर आल्यासारखे दिसतात, अन् टाचा पुढं. मोबाइलात पाह्यलं तं माह्याच अंगावर काटा. एवढी घाण गोष्ट, अन् एवढी छान जमली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एका मैत्रिणीनं बावडीचं चित्र अन् पायांचा तेवढाच तुकडा पुढं पाठवला. सिनेमा हाय, असं कुठं लिहिलं नाई. आता साऱ्या मोहल्ल्याच्या मोबाइलात मी, लुगड्यावरून ओळखू येते.

किराणा दुकानात दुकानदार एकाले दाखवून राह्यला होता. मी मागं उभी. "असली है. बावड़ी में मोबाइल मिला. टोनही है, बच्चे खाती है."

म्हटलं, "बेटा, आधा किलो शक्कर दे. टोनही को चाय पीनी है."

चेटकिणीच्या चहाले कोणी हसलं नाई. साखर हातात दिली नाई, काउंटरवरून सरकवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या शांताचा नातू, महिन्याभराचं लेकरू. रोज सकाळी मीच त्याले तेल लावते, पायावर घेऊन न्हाऊ घालते. त्याच्या बापालेही मीच घातलं. आज तेल कोमट करून गेली तं सून दारातूनच म्हणे, "दादी, बच्चे को सर्दी है."

सर्दीवालं लेकरू असं खणखणीत रडत नाई.

शांता आत होती. तिच्या बांगड्या ओळखते मी. एवढ्या वर्षांचा एका भिंतीचा शेजार, अन् भिंत खोकलीसुद्धा नाई. वाटी घेऊन परत आली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ने. रडून राह्यली. म्हटलं, रडू नको, कागद भिजते.

तिनं दुसरा तुकडा काढला. त्यात मी बीट चावते, निऱ्या मागं खोचून दाखवते, मग वळून तोंड दाखवते. लख्ख उजेडात, जरा न हलता. तिनं साऱ्याईले पाठवला. कोणी पुढं ढकलला नाई. एकानं लिहिलं, "ये नकली वाला है."

किळस आली ती याची. बिटाच्या थुंकीची एवढी नव्हती आली. हललं थे खरं, अन् समोर उभी हाय थे खोटं. या गल्लीतली अर्धी माणसं माह्या नडग्यांवर न्हाली. माहे पाय कोणीकडं वळतात, थे त्याईले आता मोबाइल सांगते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तेल आजही कोमट केलं. ने. म्हणे, "काहून करते रोज?" म्हटलं, माहे गुडघे दुखतात.

अंगणात ऊन आलं अन् फाटकाबाहेर शांता. कडेवर नातू, रडून लाल.

"कालपासून झोपच नाई त्याले. सुनेले पायावर धरता येत नाई."

"सर्दी गेली का मंग?"

"हौ... गेली."

बोलून राह्यली माह्याशी, नजर माह्या पायावर.

"पाह्यून घे शांते. नखं काढायची राह्यली, तेवढं पोटात घाल."

हसली का नाई, कळलं नाई. पदर तोंडावर होता.

मी पाट ओढला, उन्हात बसली, लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय तिच्याकडं लांब केले. ने.ले म्हटलं, मोबाइल आत ठेव, वही आण. बसल्या जागेवरून सांगून राह्यली.

शांताचा हात फाटकाच्या कडीवर हाय. लेकरू रडून राह्यलं. तेल निवत चाललं. पाय मी काही आखडून घेत नाई.