पंगत आणि पकड

धुळे, ता. १६ डिसेंबर १९८६

चि. वाल्मीक यास आजी रुक्माबाईचे आशीर्वाद. इकडे बठ्ठं ठीक शे. तिकडे ठीक नाही ते पेपरात वाचलं.

चार सामने झाले आणि चारही हरलात. तुझा बाप पेपरची घडी घालून उशीखाली ठेवतो, मला दिसू नये म्हणून. पण मी बायकांच्या वर्गात दोन वर्षं उगाच नाही बसले. ‘डाळमिलचा कबड्डी संघ पुन्हा पराभूत’ हे मी माझं मी वाचलं. ‘पराभूत’ला जरा अडखळले, पण आता सवय होईल असं दिसतं.

मागच्या वर्षी याच स्पर्धेत तुम्ही दुसरे आला होता. तेच सात गडी, तेच मैदान, तूच कप्तान. मग यंदा काय झालं? शेजारचा झुलाल, तेलगिरणीच्या संघाचा कप्तान, रोज सकाळी दारात उभा राहून तुझी चौकशी करतो. एवढी चौकशी त्यानं बायकोच्या बाळंतपणातही केली नव्हती.

काय बिघडलंय ते लिही. कारणं नकोत, काय घडतं ते लिही.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवण्याजोगं तू अजून काही केलं नाहीस.

आजी

*

जळगाव, ता. २३ डिसेंबर १९८६

ती. आजीस वाल्मीकचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, स्वभाव तसाच आहे, वाचून बरं वाटलं. परवा रविवारी पाचवा सामनाही गेला. पहिल्या सामन्याला मैदान भुसभुशीत होतं, दुसऱ्याला ऊन डोळ्यांवर होतं, तिसऱ्याला पंचाचं घड्याळ पुढे होतं. चौथ्या-पाचव्याचं मलाच कळलं नाही. पाय उचलत नाहीत आणि चढाईत निम्म्या वाटेत दम तुटतो.

बाकी आमचे हाल नाहीत, उलट लाड आहेत. दिवाळीपासून मिलचा कारभार धाकट्या जीवरामशेठकडे आला. माणूस फार मायेचा. सामन्याच्या दिवशी दुपारी बाराला मिलच्या आवारात पंगत बसवतात. बामणोदची ही मोठी, हिरवी वांगी येतात. तुरकाठ्यांवर भाजली की सगळ्या आवारात धुरकट वास सुटतो. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचतात, वर कांद्याची पात आणि तेलात परतलेले शेंगदाणे. सोबत गरम पुऱ्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. शेठ स्वतः वाढतात. आमच्या तोतारामनं गेल्या खेपेला एकोणीस पुऱ्या खाल्ल्या. उठतो तेव्हा दोन वाजलेले असतात आणि तीनला मैदानात उतरायचं.

काळजी एकच आहे. थोरले शेठ, म्हणजे जीवरामशेठचे वडील, यांनी सांगून टाकलंय की दहा सामन्यांत एकही जिंकला नाही तर संघ बंद. मला तोलकाट्यावर बसवतील. बाकी सहा जण फक्त खेळण्यासाठी नोकरीवर घेतलेले आहेत, त्यांना घरी जावं लागेल. तोतारामचं लग्न वैशाखात आहे.

लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा, ही विनंती.

वाल्मीक

*

धुळे, ता. ३० डिसेंबर १९८६

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

सहावाही गेला ते वाचलं. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि ओळी मोजल्या. हरण्यावर चार ओळी आणि भरतावर सात. आणि वर मला विचारतोस की दम का तुटतो.

अरे, भरीत खाऊन माणूस बाजेवर पडतो. आपल्याकडे भरताची पार्टी शेतात करतात ती का? तर तिथंच झाडाखाली आडवं होता यावं म्हणून. तुम्ही ते खाऊन तासाभरात लंगोट कसता. तोताराम एकोणीस पुऱ्या पोटात घेऊन कोणाचा पाय धरणार? त्याला स्वतःचा पाय दिसला तरी पुष्कळ. आणि तू ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोस की ढेकर देतोस, ते त्या बिचाऱ्या पंचानं कसं ओळखावं?

मैदान, ऊन, घड्याळ, सगळ्यांना नावं ठेवून झाली. वांग्याला मात्र एक शब्द लावला नाहीस. शेठला सांग, जेवण सामन्यानंतर.

लोभ पुरीसारखा फुगत नसतो. मेहनत लागते.

आजी

*

जळगाव, ता. १३ जानेवारी १९८७

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं खरं आहे हे पत्र वाचताक्षणी कळलं आणि स्वतःची लाज वाटली. पण कळून उपयोग झाला नाही. आठ हरलो.

सातव्या सामन्याला मी शेठना म्हणालो की भूक नाही. त्यांनी तब्येत बिघडली का विचारलं आणि तीन पुऱ्या जास्त वाढल्या. आठव्याला धीर करून सरळच सांगितलं की जेवण सामन्यानंतर ठेवा. शेठचा चेहरा असा उतरला, जणू मी त्यांच्या घरात दोष काढला. म्हणाले की उपाशी माणसाला मैदानात पाठवण्याचं पाप माझ्याकडून होणार नाही. तोतारामनं पुऱ्या रुमालात लपवल्या, तर रिकामं ताट बघून शेठनी आणखी चार टाकल्या. वाढणाऱ्याचा हात मागे सारावा कसा? आमचे शिक्षक पंडितभाऊ पकडी शिकवण्यात पटाईत आहेत, पण त्या पंगतीत सगळ्यात आधी तेच बसतात.

शेवटचा, दहावा सामना १ फेब्रुवारीला आहे, तुझ्या धुळ्याच्या झुलालशी. ते यंदा एकही हरलेले नाहीत. पोरांनी आतापासूनच एकमेकांचे पत्ते लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.

लोभ मागायला तोंड नाही. आशीर्वाद पाठवावेत.

वाल्मीक

*

धुळे, ता. १७ जानेवारी १९८७

चि. वाल्मीक यास आशीर्वाद. ते पत्ते फाडून टाका.

शेठला खाऊ घातल्याशिवाय राहवत नाही ना? मग घालू दे. फक्त ताट कोणासमोर, एवढंच बदलायचं. धुळ्याहून संघ येणार म्हणजे पाहुणे आले. पाहुण्यांच्या आधी घरचे जेवतात का? तू शेठला म्हण, की यंदा शेवटचा सामना आहे, मिलचं नाव राहिलं पाहिजे, आधी पाहुण्यांची पंगत बसू द्या, आम्ही सातही जण वाढायला उभे राहतो. वाढणारे मागून जेवतात ही रीत शेठलाही ठाऊक आहे. मागून म्हणजे किती मागून, ते कुठं लिहून ठेवलेलं नाही.

लोभ धरून ठेवला आहे. बघून सोडीन.

आजी

*

जळगाव, ता. २२ जानेवारी १९८७

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच नववाही हरलो. शेठना सांगितलं. त्यांना गहिवरून आलं. म्हणाले की हे आजवर आपल्याला सुचलं कसं नाही. वांगी दुप्पट सांगितली आहेत.

पण दोन गोष्टी मनात येतात. एक म्हणजे ही फसवणूक तर नाही ना? दुसरी, झुलालचे शिक्षक वना मास्तर फार कडक. सामन्याआधी मूठभर फुटाण्यांपलीकडे काही देत नाहीत. शेठच्या मानासाठी दोन पुऱ्या खाऊ देतील आणि पोरांना उठवतील. मग आम्ही उपाशी आणि ते ताजेतवाने, असं होईल.

शेठनी तुलाही जेवायला बोलावलंय. ज्या आजीनं रीत शिकवली तिला बघायचं म्हणतात. झुलालच्या टेम्पोत जागा असेल तर ये.

लोभ सोबत घेऊन यावे.

वाल्मीक

*

धुळे, ता. ३ फेब्रुवारी १९८७

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

आधी तुझ्या पहिल्या गोष्टीचं. आपण जे सबंध हंगामभर आवडीनं खाल्लं, तेच पाहुण्याला तितक्याच आवडीनं वाढलं, तर फसवणूक कशी? वांगं किडकं दिलं असतं तर गोष्ट वेगळी.

दुसरीचं मी पाहिलं. तू वाढता वाढता माझ्याकडे तोंड पाडून बघत होतास, कारण वना मास्तरनं दोन पुऱ्या झाल्या की बोट वर केलं आणि पोरं उठायला लागली. मी तेव्हा नुकतं भरीत कालवायला घेतलं होतं. पंगतीत सगळ्यात थोरली मी. थोरलं माणूस जेवतंय आणि बाकीचे उठले, असं आपल्याकडे होत नाही. मी पुरी परत केली आणि कळण्याची भाकर मागितली. मला वरचे दोन दात आणि खालचे तीन, त्यातला एक हलतो. वना मास्तरची आई माझ्याच वयाची. पोरांना त्यानं हातानं खाली बसवलं आणि मला म्हणाला, “होऊ द्या आजी, सावकाश.”

मग मी सावकाश होऊ दिलं. एकेक घास बत्तीस वेळा चावला. तोवर झुलालचं ताट रिकामं राहील तर ते जीवरामशेठ कसले? तुझा शेठ वाढतो छान, मी दोन भाकरी खाल्ल्या.

आता खरी गोष्ट. मला मैदानाच्या कडेला खुर्ची दिली, समोर ऊन मऊ होतं, शिट्टी वाजली आणि माझा डोळा लागला. उघडला तेव्हा मी टेम्पोत होते आणि धुळं आलं होतं. गाडीत कोणी बोलेना. हरलेले गप्प असतात आणि भरलेलेही गप्प असतात, त्यावरून काही कळेना. झुलालला विचारायची माझी जीभ होईना. तुझ्या बापाकडे दोन दिवस पेपर आलेला नाही.

तेव्हा काय झालं ते लगोलग लिही. तोतारामच्या लग्नाला लुगडं घ्यायचं की नाही तेही मला ठरवायचंय.

लोभ अर्धा झोपेत गेला. उरलेला जागा आहे.

आजी

*

जळगाव, ता. ६ फेब्रुवारी १९८७

ती. आजीस सा. न. वि. वि.

लुगडं घे.

आता सगळं सांगतो. झुलालच्या पहिल्याच चढाईत त्याला मध्यरेषा ओलांडून चार पावलांवर उचकी लागली. लोक हसले, मला हसू आलं नाही. ती उचकी मी नऊ सामने भोगली आहे. पण ते गडी कसलेले, तशाही अवस्थेत सोडेनात. आम्हाला हरायची सवय लागलेली, आघाडी मिळाली की घाबरायचो. मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी पुढे, नंतर दोनांनी मागे, आणि शेवटच्या मिनिटाला एकवीस-एकवीस.

शेवटची चढाई झुलालची. आमच्याकडे मी आणि तोताराम असे दोघेच उरलो होतो. तोतारामनं दुपारभर पुऱ्या वाढल्या होत्या आणि एकही तोंडात टाकली नव्हती. भुकेनं त्याचे डोळे असे झाले होते की झुलाल त्याच्या बाजूला जाईना, माझ्याकडे वळला. मी मागे सरलो, तो माझ्यापाठी आला आणि तोतारामनं बाजूनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. मी वरून कंबर धरली. झुलाल अर्धी वीत रेषेकडे सरकला असेल. तिथं त्याचा दम संपला.

बावीस-एकवीस. थोरले शेठ मैदानात आले, तोतारामच्या पाठीवर हात ठेवला आणि संघ राहील एवढंच बोलून गेले. इतका आरडाओरडा झाला, तू मात्र हलली नाहीस. पंडितभाऊ घाबरून तुझा श्वास बघून आले. हरलेल्या झुलालनंच तुला खुर्चीसकट उचलून टेम्पोपर्यंत नेलं. त्याच्याशी नीट वाग.

साडेपाचला आम्ही जेवलो. तोताराम बाविसाव्या पुरीवर थांबला, गुणांइतक्याच म्हणे. आणि एक चमत्कारिक झालंय. जीवरामशेठ सगळ्यांना सांगत फिरतात की बघा, भरताला यश आलंच.

लोभाचं आता तूच ठरव.

वाल्मीक

*

धुळे, ता. ११ फेब्रुवारी १९८७

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

पत्र तुझ्या बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग त्यानं उशीखालचा पेपर काढला. त्याला आठवडाभर आधीच ठाऊक होतं, पण मला तुझ्याकडून कळावं म्हणून गप्प राहिला. त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, कागद संपेल. पेपरातला ‘विजयी’ हा शब्द सोपा निघाला. उगाच तीन महिने वाट पाहायला लावलीस.

एक जिंकलास आणि नऊ हरलास. मिरवताना हे दोन्ही आकडे सांगत जा. शेठच्या डोक्यातलं काढू नकोस, फक्त पुढेही पाहुण्यांची पंगत आधी बसव.

काल झुलाल येऊन बसला. चहा झाला तरी उठेना. मग म्हणाला की आजी, त्या दिवशी तू भाकर चावत होतीस की घड्याळ बघत होतीस, तेवढं खरं सांग. मी दोन्ही म्हटलं. तो इतका हसला की त्याची आई धावत आली. नीट वाग म्हणालास म्हणून मी त्याला सगळं सांगून टाकलं.

पुढच्या हंगामातला तुमचा पहिला सामना धुळ्यात ठेवलाय म्हणे. त्याची आई तुमच्या संघासाठी पंगत घालणार आहे, शेवभाजीची, आणि थोरल्या माणसाचं पान माझं. मी हो म्हणून बसले. काय करू, मी धुळ्याची आहे.

लोभ एका गुणानं वाढवला आहे. पंगतीत मात्र ओळख दाखवू नकोस, मी भाकर चावत असेन.

आजी