सूनबाईची कुंडी

लाडक्या सूनबाई,

तुझं दुसरं लग्न आम्हीच लावून दिलं, तरी जिभेवरचं 'सूनबाई' काही जात नाही. निघताना तू अंधाऱ्या बोळातला मनीप्लांट दाखवून बजावलं होतंस, "बाबा, आठवड्यातून एकदाच पाणी. फार लाड नकोत." मी तेवढंच करतो.

आज त्याला नवं पान दिसलं आणि मी सवयीनं हाक मारली, "सूनबाई, बघ गं!"

तुझी सासू स्वयंपाकघरातून धावत आली. "आली?" म्हणाली. मी कुंडीकडे बोट दाखवलं.

आमचा मुलगा गेल्यावर तू कशीबशी सावरलीस, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. सासू मात्र मघापासून तुला लावायला फोन घेऊन बसली आहे. आज तिला अडवत नाही.

तुझेच,
बाबा