चार बटणं आणि एक खरखर

२४ एप्रिल

घरघर! म्हणे घरघर! पुण्याहून मेल आली. "आपला आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत, परंतु मागे सतत घरघर ऐकू येते. नमुना पंधरा मेपर्यंत पुन्हा पाठवावा." बारा मिनिटांचा उतारा मी सतरा वेळा वाचला होता. सतरा! आणि त्यांना ऐकू काय आलं, तर माझ्या कॉम्प्युटरचे पंखे.

घरी बसून पुस्तकं वाचून द्यायची, ती लोक मोबाइलवर ऐकणार, असं काम आहे. मिळालं तर नागपूरच्या कॉल सेंटरला एक जूनला हजर व्हायची कटकट संपली. नाही मिळालं तर बॅग भरायची, आणि अब्बा इथे चंद्रपुरात एकटे. अम्मी गेल्यापासून ते चहासुद्धा धड करून घेत नाहीत. गिऱ्हाइकांचे कूलर खोलून बसले की जेवणाची आठवण मी करायची. म्हणून हे काम मला पाहिजे. पाहिजेच!

('मले' नाही, 'मला'. वहीतही सवय लावते आहे.)

२६ एप्रिल

पवनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. माझा कॉम्प्युटरचा डबा त्यानेच जोडून दिलेला. म्हणाला, "ताई, पंखे बंद नाई करता येत, पण हळू करता येते." सीडीच्या रिकाम्या कप्प्यात त्याने एक काळी पट्टी बसवली. चार गोल बटणं आणि मध्ये आतली गरमी दाखवणारा छोटा पडदा. डावीकडे फिरवलं की पंखा मंद, उजवीकडे फिरवलं की जोरात. एक नंबर समोरचा, दोन मागचा, तीन प्रोसेसरवरचा, चार वरचा. "तीन नंबरले एकदम बंद नका करू, नाई तर जळते."

घरी आल्यावर तासभर नुसती फिरवत बसले. अब्बा डोकावले. "काय वं, रेडिओ लागून राह्यला का?"

२८ एप्रिल

सकाळी अंगणात अब्बांचा हातोडा, संध्याकाळी गल्लीत सगळ्यांच्या गाड्या. शांतता फक्त दुपारी. अब्बा बाजूच्या खोलीत पडतात, रस्त्यावर कुत्रंही नसतं. तेव्हा खिडकी लावली, भिंतीला दोन गोधड्या टांगल्या, घरातला कूलर बंद केला. अब्बा म्हणाले, "कूलरवाल्याच्या घरी कूलर बंद! लोकं हासतीन मले." हसू देत!

चारही बटणं डावीकडे. अहाहा, काय शांतता! वाचायला लागले. पुण्याच्या लोकांनी दिलेला उतारा कोकणातल्या एका विहिरीचा आहे. 'पाणी बर्फासारखं गार होतं' या वाक्याला पीं पीं पीं! पडद्यावर लाल आकडा. सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

बाहेर पंचेचाळीस. कसलं बर्फासारखं!

२९ एप्रिल

आज पीं पीं कडे लक्षच दिलं नाही. आठव्या मिनिटाला डबा आपोआप बंद. सगळं गेलं.

१ मे

अब्बांची अक्कल! काल रात्रीपासून विचार करत होते म्हणे. सकाळी छोटा कूलर आणला, नवं गवत भरलेला, आणि सरळ डब्याच्या तोंडापुढे मांडला. "माणूस थंडा होते, तं हे काऊन नाई होणार?" आकडा धडाधड खाली आला. एकतीस! आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो. वाचायच्या आधी दहा मिनिटं असा गार करायचा, मग कूलर बंद करून वाचायचं, असं ठरलं.

दुपारी डबा सुरूच होईना.

२ मे

पवनने डब्याची बाजू उघडली आणि डोक्याला हात लावला. "काका, मदरबोर्डवर पाणी! हे काय माणूस आहे का?" पाऊण तास ड्रायरने सुकवला तेव्हा चालू झाला. अब्बा सगळा वेळ दारातच उभे, चपलेशी खेळत. मला राग यायला हवा होता पण हसू आलं. आपल्याकडे गरमी म्हटली की कूलर, दुसरं काही सुचतच नाही.

४ मे

जमलं! आधी दहा मिनिटं चारही बटणं पूर्ण उजवीकडे, डब्याला गार होऊ द्यायचं. मग चार, दोन, एक पूर्ण डावीकडे आणि तीन नंबर अर्ध्यावर. लगेच वाचायचं. श्वासापुरतं थांबायचं, रेंगाळायचं नाही. बारा मिनिटं झाली आणि मग पीं पीं. मी खुर्चीवर उभी राहून नाचले. घामाने कुडता पिळून निघाला होता. खिडकी उघडली तर लू आली, तीही गार वाटली!

मग कानाला हेडफोन लावून ऐकलं. घरघर गेली. पण तिच्या खाली आणखी काहीतरी आहे. बारीक खरखर. येते, थांबते, परत येते. आधी पंख्यांच्या आवाजात दबली असणार.

हे काय नवीन!

५ मे

खरखर आहेच.

७ मे

दोन नंबरच्या पंख्याचं बेरिंग गेलं असेल म्हणून पवनने पंखाच बदलला. खरखर तशीच. एक बंद करून पाहिला, चार बंद करून पाहिला, धीर करून तीन नंबरही दहा सेकंद बंद केला. कुठलंही बटण कुठेही फिरवा, तीच खरखर, तेवढीच! पवन म्हणतो, "ताई, पंखे ओके आहेत. तुमचा वहम आहे." वहम काय! पुण्याच्या लोकांना वहम ऐकू येतो का?

हात सारखा त्या बटणांकडे जातो. जेवतानाही बोटं ताटाची कड फिरवतात.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "झालं का तुह्यं?" मी ओरडलेच. "नाई झालं! होतच नाई! मले नाई पाहिजे हे काम, जातो मी नागपूरले!" अब्बा उठले, पाने-पक्कड घेऊन अंगणात गेले.

९ मे

दिवसभर लाईट नाही. सहा दिवस उरले.

१० मे

अब्बा स्वतःहून आले. म्हणाले, "ऐकव मले." तीस वर्षं मोटरी ऐकून कूलरची नाडी ओळखणारा माणूस. मला आधीच का नाही सुचलं! हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, टोपी बाजूला ठेवून. डोळे मिटून ऐकत राहिले. एकदा ऐकलं, परत लाव म्हणाले. तिसऱ्यांदाही.

"काय आहे अब्बा? बेरिंग?"

हेडफोन काढून नीट घडी करून ठेवला. "होते बंद. तू नको घाबरू." मग अंगणातून तेलाची बाटली आणली, डबा उघडायला लावला आणि मागच्या पंख्याच्या मधोमध एक थेंब सोडला. एकच. वर म्हणाले, "उद्या पाह्य."

११ मे

गेली!! खरखर गेली! बारा मिनिटं नुसता माझा आवाज आणि मागे काही नाही. पवनला फोन करून सांगितलं, "अब्बांचं तेल!" नवाच पंखा होता म्हणे, त्याला कशाला तेल लागेल. जळतो मेला!

अब्बांना सांगायला पळत गेले तर घरात नाहीत. चारला आले, खांद्यावर अवजारांची पिशवी. "रिपेअरिंगचा फोन आला होता. आता दुपारीच येते फोन. सीझन आहे बेटा."

१४ मे

पाठवला. एक दिवस आधी!

१७ मे

मेल नाही. उगाच बटणं फिरवून पाहते आहे, रेकॉर्डिंग नसतानाही.

२० मे

मिळालं!! मिळालं मिळालं मिळालं! "पार्श्वभूमी अत्यंत शांत," असं लिहिलंय. अत्यंत! पहिलं पुस्तक तीनशे चाळीस पानांचं. नागपूरला नाही म्हणून कळवलं. अब्बांना सांगितलं तर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग गुपचूप जाऊन जिलेबी घेऊन आले.

आता मी इथेच. रोज दुपारी दोन ते साडेतीन, मधे मधे डबा गार करत. काम संपलं की खिडकी उघडायची.

२४ मे

अब्बा फार रापलेत. ओठ फुटलेत. आज मी चिडले, "शेहेचाळीस डिग्रीत घरोघर कशाला फिरता? संध्याकाळी जात जा!" तर म्हणाले, "गिऱ्हाईक थांबते का?" ऐकतच नाहीत. रात्री पाठीला तेल चोळून दिलं. म्हातारपणी हट्टी होतात माणसं.

एकशे दहा पानं झाली.

२९ मे

समोरच्या दुर्गाबाई आंब्याचं लोणचं द्यायला आल्या होत्या, पाचच्या सुमारास. अब्बा आत झोपलेले. हळूच म्हणाल्या, "काऊन वं अंजुम, तुह्ये अब्बा रोज भर दुपारी आमच्या ओट्यावर काऊन बसून राह्यते? आत कूलरमंदी या म्हणतो मी, तं नाई म्हणते. म्हणते, माह्यी छाती वाजते बाई, भिंतीतून पोरीच्या मशिनीत येते. आत बसलो तं तिची खिडकी नाई दिसत. खिडकी उघडली का जातो."

अकरा तारखेपासून.

आज मी पाऊण तास जास्त वाचलं. लय लागली होती म्हणून.