पांढऱ्या पट्टीतून उतरलेलं पाणी

माय, आज प्रयोगशाळेत एक पडदा नापास झाला आणि दिवसभर तू माझ्या मागंच उभी होतीस. मी काय करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. उन्हाची वीज साठवायची एक मोठी बॅटरी असते. तिच्यात दोन टाक्यांतली दोन द्रावणं फिरत राहतात आणि मधे बारीक छिद्रांचा पडदा असतो. वीज वाहायला लागणारे कण त्यानं सोडायचे, बाकीचे अडवायचे, एवढंच त्याचं काम. आज तपासणीत पडद्याच्या एका बाजूला निळं द्रावण होतं, दुसऱ्या बाजूला बिनरंगी. दुपारपर्यंत बिनरंगी बाजूला निळी झाक उतरली.

ती बघितली आणि मला तुझ्या हिरड्या दिसल्या. नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं आणि आपण चिकलठाण्याच्या कारखान्यांमागं येऊन पडलो, आगीतून फुफाट्यात. तू भंगारवाल्याकडं जुन्या बॅटऱ्या फोडायला जायचीस. वस्तीच्या नळाला आपल्याला कुणी हंडा लावू देत नव्हतं, म्हणून खदानीतलं गढूळ पाणी. एक दिवस तू फोडलेल्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांमधली पांढरी, पातळ पट्टी, तोही एक पडदाच, घरी आणतेस, घासून धुतेस, तांब्याच्या तोंडावर ताणून बांधतेस. थेंबथेंब नितळ पाणी उतरायला लागतं. शेजारीण म्हणते, हे कारखान्यातलं हाय, पोरीला बाधंल. तू तिलाच हसतेस. "गाळ अडतोय नव्हं? मग इख कसं जाईल?" आणि पहिला तांब्या माझ्या हातात देतेस.

पुढं तुझ्या पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ उमटली. डॉक्टर तुझ्या मिश्रीवर चिडले, तू बिचारीनं मिश्रीही सोडलीस. रेघ तशीच राहिली आणि तू गेलीस. ती रेघ अंगात भिनलेल्या शिशाची खूण असते, हे मला पुढं शिकताना कळलं.

शिसं विरघळून त्या पट्टीतून उतरलं, की भंगारातल्या धुळीबरोबर तुझ्या पोटात गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी मात्र रोज तेच मोजत बसते. प्रयोगशाळेतले साहेब विचारतात पडद्यात काय अडलं, मी सांगते त्यातून काय सुटलं. मला राग येतो, तुझा नाही, त्या नळावरच्या लोकांचा. तुला सगळं कळलं असतं तरी मला पाजायला दुसरं पाणी तू कुठून आणणार होतीस?

हे पत्र फाडूनच टाकीन. तू कधी समोर आलीस आणि विचारलंस, पोरी, पाणी चांगलं व्हतं ना, तर मी व्हय म्हणणार आहे, माय.