शेरा : बदली

१ तारीख, सोमवार
आज नर्सिंग कॉलेजच्या रुग्णालयात हजेरी-कारकून म्हणून रुजू झालो. शिक्षण नववीपर्यंत, पण शुद्धलेखन पक्के. मेट्रनबाई म्हणाल्या, अक्षर छान आहे, तेवढंच वापर, डोकं घरी ठेव. पदव्युत्तर परीक्षा झालेल्या मुलींना इथे बंधपत्राप्रमाणे वर्षभर सक्तीची सेवा आहे. विद्यावेतन मिळते, पण सोडून जाता येत नाही. माझी ताई त्यांतलीच. तिचे नऊ दिवस उरलेत, मग सुटली. म्हणाली, बाळ्या, माझा खाडा मांडलास तर कान उपटीन.

३ तारीख, बुधवार
हजेरीपटात सातव्या ओळीतल्या मुलीपुढे गेल्या वर्षीचा ‘मयत’ असा शेरा आहे. तरी रोज तिची सही आहे, विद्यावेतनही निघते. मोठ्या कारकुनांना विचारले, तर म्हणाले, तू कारकून की फौजदार? म्हणजे कुणीतरी मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खात आहे. मी त्या ओळीत लाल शाईने खाडा मांडला.

४ तारीख, गुरुवार
मेट्रनबाई रागावल्या नाहीत. बोटाने ती लाल शाई पुसू लागल्या. मग कळले, विद्यावेतन त्या मुलीच्या आईला जाते आणि सही ती मेलेली मुलगी स्वतःच येऊन करते. अकराच दिवस उरले होते, गुपचूप भरून गेली असती. पण विनापरवाना खाडा पडला की वर्ष पुन्हा पहिल्यापासून. नियमच आहे.
मला आता कुणी चहा विचारत नाही. एक मुलगी मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणाली, शुद्धलेखनवाल्यानं माती खाल्ली.

६ तारीख, शनिवार
ताईच्या ओळीत शेरा : बदली. अक्षर माझे नाही. घराजवळ बदली झाली असेल म्हणून खूश झालो. शिपाई हसला. कुठं बदली ते नव्हे शहाण्या, कुणाच्या बदली ते विचार, म्हणाला.

७ तारीख
सातव्या ओळीत ताईची सही. उरलेले दिवस ३६५.
वॉर्डात गाठले. तिने मला ‘अहो कारकून’ म्हटले. मनगट धरले — गार — नाडी सापडेना —

८ तारीख, दुपार
पट माझ्याकडे आहे. चूक माझी. सातव्या ओळीतून ताईला खोडले. बदली म्हणून माझे नाव लिहिले. ऱ्हस्व-दीर्घ तपासले.
ताई दारात आली. बाळ्या, बाळ्या म्हणते आहे — तिचाच आवाज — टेबलाखाली बघते आहे — मी समोर बसलोय, तिला दिसत ना —
मेट्रनबाई हजेरी घेत आहेत. पाच झाली. सहा. आता सा