डावी बाजू उशिरा उतरते

३ ऑक्टोबर, सकाळ

भावजी,

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. जाऊबाईंचा गुडघा आता कसा आहे? इथे गाई बऱ्या आहेत, तांबडी पुन्हा गाभण आहे. माझं ठीक.

दहा महिन्यांनी एकदम पत्र, आणि तेही यंत्राबद्दल, याचं तुम्हाला नवल वाटेल. फोन करता आला असता. पण तुमचा आवाज ऐकल्यावर मला कामाचं बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

पुढच्या आठवड्यात वरच्या कुरणातलं गवत कापायचं आहे. ते ओळीत ओढायचं चाकांचं दाताळं यंदा मीच चालवणार. गवत भिजलं तर हिवाळ्यात गाईंपुढे काय टाकू? म्हणून काल अंगणात ट्रॅक्टरला जोडून पाहिलं. दांडा ओढला की उजवीकडची पाच चाकं लगेच खाली येतात. डावीकडची पाच रेंगाळतात, मी सहा मोजेपर्यंत सावकाश टेकतात. माहितीपुस्तकात लिहिलंय की दोन्ही बाजू एकदम उतरल्या पाहिजेत. तेल भरलेलं आहे. नळ्यांची टोकं पुसून पुन्हा घट्ट बसवली. आत हवा अडकली असेल म्हणून वीस वेळा वरखाली केलं. फरक नाही. हे होते तेव्हाही असंच व्हायचं का? मला आठवत नाही. मी गवताकडे बघायचे, यंत्राकडे नाही.

मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "काकू, पुस्तक वाचून गवत ओळीत येत असतं तर शाळामास्तरांनी गोठे बांधले असते." मग म्हणाले, "धाकट्यांना विचारा. दोघा भावांनी मिळून त्यात काय काय करून ठेवलंय कुणास ठाऊक."

म्हणून विचारते. बाकी काही नाही.

वहिनी


१२ ऑक्टोबर, दुपार

भावजींना आशीर्वाद,

तुमचं कार्ड आज मिळालं. एकच ओळ. "वहिनी, ते बिघडलेलं नाही, तसंच राहू द्या." उशीर झाला, भावजी. मी चार दिवसांपूर्वीच ते दुरुस्त करून बसले.

कसं केलं ते सांगते. दोन्ही बाजूंच्या नळ्यांची अदलाबदल केली. तर उजवी बाजू उशिरा उतरायला लागली आणि डावी धाडकन आली. म्हणजे दोष बाजूचा नाही, नळीचा. नळी सोडवून आत डोकावले, तर टोकाच्या आत खोल पितळेची एक चकती बसवलेली. मधोमध सुईच्या जाडीचं भोक, तेल तेवढ्यातूनच जायचं. पुस्तकातल्या चित्रात अशी चकती नाहीच. मी ती काढली, नळ्या पूर्वीसारख्या लावल्या. दोन्ही बाजू एकदम उतरल्या. डावीकडचं शेवटचं चाक आपटून माती उकरायला लागलं, ते साखळीची एक कडी आखडून उचललं. गवत छान ओढलं गेलं. मातीचा कण नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग घरी येऊन चकती धुतली. तिच्या कडेला बारीक तिरपी खाच होती. माझ्या शिलाई मशीनला तुम्ही लेथवर चकती करून दिली होतीत, तिलाही अशीच आहे. तुमच्या हातची ती सही मी ओळखते.

यांनी ही तुमच्याकडून का करून घेतली असेल, ते मला कळेना. दोन दिवस तीच चकती घेऊन बसले. शेवटी परत ट्रॅक्टरवर चढले आणि डावा डोळा हाताने झाकला. उजवीकडची चाकं टेकलेली दिसली. डावीकडचं काहीच नाही. सगळं नाकाआड. खांद्यासकट अंग वळवावं लागलं. वळेपर्यंत सहा मोजून झाले.

त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी गाडी डावीकडूनच आली.

तेव्हा तुम्ही दुकानात फिल्टर घेत होतात आणि ते रस्ता ओलांडत होते, हे मला नंतर समजलं. त्याआधीच मी भर अंगणात म्हणाले होते, "तुम्ही त्यांच्याबरोबर होतात आणि तुम्ही तेवढे परत आलात. पुन्हा इथे पाऊल टाकू नका." तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. मी दार लावलं. हेच सांगणार होता का?

आज कार्ड वाचल्यावर तुमचा खूप राग आला. तावातावाने चार पानं लिहिली. मग चहा करायला उठले आणि कप टेबलावर ठेवला. ते नाहीत तरी त्यांच्या जागेसमोर ठेवला. उजव्या हाताला.

भावजी, तो कप मी दोन वर्षं उजवीकडेच ठेवत होते. एकदा डावीकडचा त्यांच्या हाताने सांडला, तेव्हा "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणून मी ओरडले होते. दुसऱ्या दिवसापासून उजवीकडे. ताटातली वाटीसुद्धा. बाजारात गेलो की मी आपोआप त्यांच्या डाव्या बाजूने चालायचे. कधी विचारलं नाही. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही, आणि तुम्ही चकती करून दिलीत. मग मला माहीत होतं की नव्हतं? मला खरंच सांगता येत नाही. माझ्या हातांना माहीत होतं एवढं नक्की.

त्या दिवशी मीही बाजारात जाणार होते. चपलासुद्धा घातल्या होत्या. वाचनालयाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं आणि साठ पानं उरली होती. ते म्हणाले, "वाच तू. आम्ही दोघं आहोत ना." मी चपला काढल्या.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ते पुस्तक मी पुरं केलं की नाही, तेही आठवत नाही.

मला आता कुणावर रागवावं ते कळत नाही. तुमच्यावर धरलेला राग इतके महिने उपयोगी पडला, तो हातातून सुटला तर मी काय धरू? पण एक गोष्ट मला हवी आहे आणि ती फक्त तुमच्यापाशी आहे. चकती करून घेताना ते माझ्याबद्दल काय म्हणाले? "तिला सांगू नकोस" म्हणाले, की "तिला माहीत आहे" म्हणाले? जे असेल ते, मला बरं वाटावं म्हणून बदलू नका.

कार्डावर लिहू नका. एका ओळीत मावलं तरी नको. अंगणात पाऊल टाकू नका म्हणणारी मीच होते. फाटक उघडं ठेवते. येऊन माझ्यासमोर बसून सांगा.

तुमच्यावर अन्याय केलेली,
तुमची वहिनी